चाल मावशींची, ठोका मशीनचा: सोलापुरातल्या एका डान्स अल्बमचं प्रकरण

सोलापुरातल्या दोन पोरांच्या इलेक्ट्रॉनिक जोडीने आठ गाण्यांचा अल्बम केला. त्यातल्या पाच गाण्यांत पाहुण्यांचे आवाज आहेत. मिक्स झालं, मास्टर झालं, कव्हर तयार झालं. पहिलं गाणं बाहेर पडलं आणि आठवडाभरात सगळं अडकलं. आधी यूट्यूबवर एका जुन्या कॅसेटच्या हक्कावरून दावा आला. तो निस्तरतोय तोवर, ज्या मावशींच्या आवाजावर ते गाणं उभं होतं त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "चाल मावशीची. मग संगीतकार म्हणून नाव तुमचं कसं काय बे?"

गाण्यांचे करार, नोंदणी, रॉयल्टीचे अर्ज ही कामं मी करतो, म्हणून प्रकरण माझ्या टेबलावर आलं. सगळ्यांना विचारून लिहितोय, पण नाव कुणाचंच देत नाही. जोडीतला एक पूर्व भागातला, घरचे यंत्रमाग. दुसरा विजापूर रोडचा, पुण्याला साउंडचं शिकून परत आलेला. एवढ्यावर पुढचं कळेल.

सुताची खोली

कारखान्यामागे सूत ठेवायची एक खोली होती, तीच स्टुडिओ झाली. चारी भिंतींवर चादरी टांगल्या. घरचाच माल, खर्च शून्य. जाड सुती चादर भिंतीला चिकटवली तर थोडंच काम करते. वीतभर अंतर सोडून टांगली की आवाजाचा वरचा चरचरीतपणा चांगला शोषते. खालचा घुमारा मात्र तिला जुमानत नाही. त्यासाठी दोघांनी चारी कोपऱ्यांत टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत रचले. व्यापारी माल न्यायला आला की एक कोपरा रिकामा व्हायचा आणि त्या आठवड्यात बेस वेगळा ऐकू यायचा. दोन गाण्यांचं मिक्स यामुळे पुन्हा करावं लागलं, आणि शेवटी वडिलांनी खराब निघालेल्या टॉवेलचे गठ्ठे कायमचे देऊन टाकले.

मागाचा आवाज अल्बमभर आहे. बाकीचे माग बंद करून एकच चालू ठेवायचा, तोही फक्त जेवणाच्या सुट्टीत. मालक वडील असले तरी सवलत तेवढीच. एक माइक धोट्याच्या पेटीजवळ, एक जमिनीलगत. गती मिनिटाला एकशेवीसच्या आसपास निघाली. हाउस संगीत साधारण १२० ते १३० ठोक्यांवर चालतं, म्हणजे माग आयताच तालात होता. पण पट्टा जरा घसरला की गती हलते, आणि संगणकाच्या चौकटीत ते बसत नाही. पूर्व भागातल्याने ते दुरुस्त केलं नाही. उलट एका टेकमध्ये कांडी (धोट्यातलं सूत) संपून माग मध्येच थांबला, तोच थांबा त्याने गाण्याचा ब्रेक म्हणून ठेवला. कामगार कांडी बदलतो, दांडा ओढतो, माग पुन्हा धरतो, तिथे बेस कोसळतो. परगावच्या ऐकणाऱ्याला तो नुसता ड्रॉप वाटेल. सोलापुरात अशोक चौकाकडच्या, मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला कांडी संपलेली कळते.

पाहुणे

पाच गाणी, पाच तऱ्हेचे पाहुणे. तुळजापूरच्या देवीची आराधी गाणी म्हणणाऱ्या मावशी. विडी घरकुल वसाहतीतल्या पाच तेलुगू बायका, नवरात्रात बतुकम्मा या फुलांच्या रचनेभोवती फेर धरून गाणाऱ्या. अक्कलकोट तालुक्यातले कन्नड वचनं, म्हणजे शरणांच्या भक्तिरचना, गाणारे एक अण्णा. सोलापुरी हिंदीत रॅप करणारा कॉलेजचा पोरगा. आणि एक शास्त्रीय शिकलेली मुलगी, जिने फक्त आलाप दिलेत. तिचं सगळं सुरळीत झालं, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त काही नाही. कागद करून घेऊनच गायला बसली होती ती एकटीच.

बाकीच्यांचं ठरलं ते तोंडी. गाण्यामागे पाच हजार, रिक्षाभाडं वेगळं, जेवण घरचं. आपल्याकडे गाणाऱ्याला सुपारी दिली की व्यवहार मिटला, अशीच रीत. जागरणात, जत्रेत, वरातीत ती चालते, कारण तिथे गाणं रात्रीबरोबर संपतं. रेकॉर्डिंग संपत नाही, आणि इथेच सुपारीचा हिशेब अपुरा पडतो.

मावशींचं रेकॉर्डिंग सगळ्यात अवघड गेलं. पहिल्यांदा हेडफोनमध्ये टिकटिक लावून दिली. मावशी दोन ओळी म्हणाल्या आणि हेडफोन काढून ठेवला. "हे टकटक करायलंय, मी गाऊ कशी?" दुसऱ्यांदा संबळवाल्या मामांना शेजारच्या खोलीत बसवून त्यांचा आवाज हेडफोनमध्ये दिला. तेही जमेना, मामा दिसत नव्हते. शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं, संबळ मावशींच्या माइकमध्ये घुसतोय तर घुसू दे म्हणाले, आणि एका दमात गाणं झालं. याचा अर्थ नंतर मावशींचा आवाज संबळापासून सुटा करता येणार नव्हता. ही अडचण पुढे करारात एक कलम होऊन आली.

तालाचा पेच वेगळाच. संबळ सहा मात्रांत, जोडीचा किक, म्हणजे मशीनच्या ड्रमचा मूळ ठोका, चारात. प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे पाडायची सवय असलेल्या हाताला तीन पाडायला शिकवायचं, एवढाच त्यावर उपाय. मग दोन किकमध्ये सहा मात्रा नीट बसतात. ऐकायला सोपं, पण बेसलाइन, हायहॅट, सिंथ सगळं नव्याने लिहावं लागलं. सुराचंही तेच. मावशींचा सा काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी. ऑटोट्यूनने तो ओढून पांढरी तीनवर बसवला तेव्हा गाणं एकदम स्टीलच्या भांड्यासारखं वाजायला लागलं. विजापूर रोडच्याने मग सगळे सिंथच मावशींच्या सुराला लावले. माझ्या मते अल्बममधला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

आता ज्यावरून पुढे सगळं पेटलं ती गोष्ट. दोन कडव्यांच्या मध्ये मामा संबळाची दोरी आवळत होते, आणि मावशी वाट बघत नुसत्या गुणगुणत होत्या. 'उदे गं' म्हणत तीन सुरांवरून खाली घसरणारी एक लहानशी ओळ. माइक चालूच होता. ती ओळ गाण्यात कुठेच नव्हती, परंपरेतही नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, अशीच आली तोंडात. जोडीने ती कापली, आठ वेळा फिरवली, तिच्याखाली बेस लावला. गाणं लोकांच्या तोंडी बसलं ते या ओळीमुळे. कडवी कुणाला आठवत नाहीत, 'उदे गं' सगळ्यांना येतं.

पहिला दावा: चौथं कडवं

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा हुबेहूब रेकॉर्डिंगच ओळखते असं नाही, चालीचं साम्यही पकडते. मावशींनी बऱ्याच वर्षांपूर्वी तुळजापूरला विकायच्या एका कॅसेटसाठी हेच गाणं म्हटलं होतं. त्या कंपनीचा जुना माल पुढे कुणीतरी डिजिटल हक्कांसकट घेतला, आणि दावा त्यांच्याकडून आला.

गाणं परंपरेचं आहे, असं लिहून वाद दाखल करायला जोडी निघाली होती. मी थांबवलं, आधी कॅसेटच्या डबीतलं छापील इनले कार्ड शोधायला सांगितलं. ते मावशींच्या ट्रंकेत सापडलं. त्यावर 'गीत' म्हणून एका गृहस्थांचं नाव होतं. मावशींना कडवं कडवं विचारत गेलो. पहिली तीन आईकडून आलेली, तीच इतर आराधी मेळ्यांतही म्हणतात. चौथं कॅसेटच्या वेळी त्या गृहस्थांनी लिहून दिलेलं. म्हणजे तीन कडव्यांवर कुणाचीच मालकी नाही, आणि चौथ्यावर आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्यांच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं त्या शब्दांवर हक्क राहतो. 'पारंपरिक' एवढा एकच शब्द लिहून वाद दाखल केला असता तर समोरच्याने चौथं कडवं पुढे केलं असतं, आणि मग उरलेल्या तीन कडव्यांबद्दलही आपलं कुणी ऐकलं नसतं.

चौथं कडवं काढलं, गाणं नव्याने चढवलं, वादात तीन कडव्यांचे दुसऱ्या मेळ्यांच्या रेकॉर्डिंगमधले दाखले दिले. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्या मुदतीत दावा सुटला. मावशींना कडवं गेल्याचं वाईट वाटलं नाही. "ते मला कधी आवडलंच नव्हतं," म्हणाल्या.

दुसरा प्रश्न: संगीतकार कोण

गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्ये रकाने असतात: मुख्य कलाकार, पाहुणा कलाकार, संगीतकार, गीतकार, निर्माता. विजापूर रोडच्याने फॉर्म भरताना मावशींना 'पाहुणा कलाकार' केलं आणि संगीतकार म्हणून स्वतःची दोघांची नावं टाकली. लबाडी नव्हती त्यात. सगळी पोरं असंच भरतात.

पुतण्याचा फोन आल्यावर जोडीचं उत्तर तयार होतं: चाल परंपरेची, मावशींची कशी? त्यावर मी विचारलं, परंपरेची असेल तर तुमची तरी कशी? दोघे गप्प झाले. मग आम्ही बसून एक काम केलं. प्रत्येक गाण्यातून जोडीने केलेलं सगळं म्यूट केलं, नुसता पाहुण्याचा आवाज ठेवला, आणि बघितलं की गाणं ओळखू येतं का. नंतर उलट: आवाज म्यूट, बाकी सगळं चालू.

रॅपरच्या गाण्यात आवाज काढला तरी गाणं तेच राहिलं; शब्द त्याचे, संगीत जोडीचं. आलापवाल्या मुलीचंही तसंच. बतुकम्माच्या गाण्यात आवाज काढला तर खाली नुसता माग उरला. आणि मावशींच्या गाण्यात? 'उदे गं' काढून टाकल्यावर जोडीलाच ते आपलं गाणं वाटेना.

इथे कायदा थोडक्यात सांगायला हवा, कारण सगळा गोंधळ तीन गोष्टी एकत्र केल्याने होतो. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. रेकॉर्डिंगचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा, ६० वर्षं. इथे निर्माते म्हणजे जोडी. चाल आणि शब्द यांचा हक्क रचणाऱ्याचा. आणि गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कलम ३८ खाली, ५० वर्षं, शिवाय ३८-ब प्रमाणे आपलं नाव लागण्याचा आणि आपलं गाणं विद्रूप होऊ न देण्याचा हक्क. लांबी बसवण्यासाठी किंवा संपादनासाठी काही भाग गाळला तर ते विद्रूप करणं धरत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक केलं: चाल किंवा शब्द रचणाऱ्याला रॉयल्टीतला आपला समान वाटा कायमचा सोडून देताच येत नाही, अशी तरतूद घातली. सही केली तरी नाही.

म्हणून 'पाहुणा' हा शब्द फसवा ठरतो. गायक म्हणून मावशी पाहुण्या, हे बरोबर. पण त्याच मावशी त्या गाण्याच्या संगीतकारही आहेत, आणि त्या नात्याने घरातल्याच आहेत. जगात हे नवं नाही. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या २०१३ च्या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'गेट लकी', बघा. पाहुणे फॅरेल विल्यम्स आणि नाइल रॉजर्स, आणि दोघांची नावं गाण्याच्या रचनाकारांतही लागली आहेत. याची दुसरी बाजू १९९० च्या आसपासची. मार्था वॉश या अमेरिकन गायिकेने गायलेली डान्स गाणी गाजत होती, आणि व्हिडिओत तिच्या आवाजावर ओठ हलवणारी दुसरीच बाई दिसत होती. मार्थाला कोर्टात जावं लागलं, कंपन्यांना तडजोड करावी लागली.

विजापूर रोडच्याचा राग मात्र अगदीच अनाठायी नव्हता. "आम्ही त्या तीन सुरांवर महिनोन्महिने बसलो. ती ओळ मावशींनी एकदा गुणगुणली आणि विसरल्या." खरं आहे. ती ओळ हुक, म्हणजे लोकांच्या तोंडी बसणारा तुकडा, आहे हे ओळखणं, तिच्याखाली कुठला सूर ठेवायचा हे ठरवणं, किक तिच्या अर्ध्यावर आणून सोडणं, हीसुद्धा रचनाच. म्हणून संगीताच्या हिश्शात अर्धं मावशींचं, पाव पाव दोघांचं, असं ठरलं. मिक्सिंगची मेहनत त्यात धरली नाही. तिचा मोबदला रेकॉर्डिंगच्या हक्कातून येतो, आणि तो जवळजवळ सगळा जोडीकडेच आहे. रेकॉर्डिंगच्या निव्वळ उत्पन्नातले २० टक्के प्रत्येक गाण्याच्या पाहुण्याला. शब्द पारंपरिक असं नोंदवलं, त्यावर कुणाचाच हिस्सा नाही. पुतण्याला सगळंच मावशींच्या नावावर हवं होतं. मावशींनीच त्याला गप्प केलं. "पोरांनी वाजवलंय की ते."

कागद

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार झाले, मराठीत. विडी घरकुलातल्या बायकांना पूर्व भागातल्याच्या आईने ते तेलुगूतून वाचून दाखवले. त्यांनी विचारलेला एकच प्रश्न वकिलाने विचारावा असा होता: पाचांपैकी एक गावाला गेली आणि तुम्ही चौघींना बोलावलं, तर पाचवीचे पैसे कुणाचे? उत्तर कलमात घातलं: रेकॉर्डिंगचे पाच समान वाटे कायम, कार्यक्रमाचे पैसे जी येईल तिचे. बतुकम्माच्या गाण्यातल्या 'उय्यालो'ची चाल सगळ्या वाड्यावस्त्यांची असल्याने संगीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं, आणि मागावर बसवणारे म्हणून जोडीचं नाव.

मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. स्पॉटिफायवरचं गाणं न्यू जर्सीतही वाजतं. रॉयल्टी किती हेही लिहावं लागतं. 'योग्य तो मोबदला' चालत नाही.

मावशींना संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद करायचं होतं. ही १९६९ पासूनची संस्था, रचनाकारांची रॉयल्टी गोळा करून वाटते. गायकांसाठी वेगळी, इसाम्रा. अर्जात अडलं ते नावावर. आधार कार्डावर मावशींचं सासरचं नाव, कॅसेटवर माहेरचं, मेळ्यात तिसरंच, बँकेच्या पासबुकात आधारचं पण एका अक्षराच्या फरकाने. महिना गेला त्यात. लोककलाकारांबरोबर काम करणाऱ्यांनी माइक विकत घेण्याआधी पासबुक तपासावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

नावाचा दुसरा घोळ कन्नड अण्णांचा. त्यांच्या भागात फार चालणारं नाव त्यांचं. वितरकाने गाणं त्याच नावाच्या भलत्याच गायकाच्या पानावर नेऊन टाकलं, आणि त्या गायकाच्या चाहत्यांना एके सकाळी बेस ड्रॉपसकट वचन ऐकायला मिळालं. नवं पान करवून गाणं हलवून घेतलं. पण अण्णांचं खरं प्रकरण त्याहून चिवट होतं. वचन सिद्धरामेश्वरांचं, बाराव्या शतकातलं; शब्दांचा प्रश्नच नाही. चाल मात्र अण्णांच्या गुरुजींनी बांधलेली, आणि गुरुजी हयात आहेत. त्यांची लेखी परवानगी आल्याशिवाय ते गाणं ठेवायचं नाही असं ठरलं, आणि हलवून घेतलेलं गाणं लगेच उतरवलंही.

मावशी घरी, आवाज पुण्यात

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती वेगळ्याच कलमावर. डान्स संगीतात स्ट्रीमिंगचे पैसे म्हणजे चिल्लर. २०२४ पासून स्पॉटिफायवर गाणं मागच्या बारा महिन्यांत निदान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. खरे पैसे कार्यक्रमाचे. आणि इलेक्ट्रॉनिक जोडीची गंमत अशी की पाहुणा बरोबर नसला तरी त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये असतो. पुण्याच्या क्लबमध्ये 'उदे गं' वाजतंय, लोक नाचतायत, जोडीला मानधन मिळतंय, आणि मावशी इकडे सोलापुरात, बाळीवेशीत भाजी निवडतायत.

बँडमध्ये हा प्रश्न येत नाही. गायक आला नाही तर गाणं होत नाही. इथे होतं. म्हणून असं कलम घातलं: ज्या कार्यक्रमात मावशींचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजेल, त्याच्या मानधनातून ठरावीक टक्का त्यांना, त्या स्वतः आल्या तर वेगळी सुपारी, प्रवास आणि मामांचं मानधन धरून. शिवाय प्रत्येक आमंत्रणाच्या वेळी आधी मावशींना विचारायचं, त्या नाही म्हणाल्या तरच लॅपटॉप. जोडीला हे जाचक वाटलं. पूर्व भागातला शेवटी म्हणाला, माग चालवणाऱ्याला पगार देतो तसं समजू. मला ती तुलना पटली नाही, पण सही झाली, म्हणून काही बोललो नाही.

आवाज सुटा करता येत नाही, ती अडचण इथे कलम झाली. मावशींच्या ट्रॅकमध्ये संबळ मिसळलेला आहे. म्हणजे तो ट्रॅक वाजला की मामांचंही वादन वाजतं. मामाही कलाकार, त्यांचाही कलम ३८ चा हक्क. मावशींच्या २० टक्क्यांतून त्यांचं काढायचं का? नाही, जोडीच्या हिश्शातून ५ टक्के मामांना.

प्रकाशनाची रात्र

शहरातल्या सभागृहांत चौकशी केली, तर 'इलेक्ट्रॉनिक' म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच: डीजे आहे का? मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंतींनी शहर इतकं वैतागलंय की व्यवस्थापक ऐकूनच हात जोडतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम काढून दाखवले. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट. पण बाहेर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहेच. साउंडचेकला मीटर घेऊन कंपाउंडबाहेर उभे राहिलो. सबवूफर स्टेजच्या फळीवरून काढून रबरावर ठेवले, मागचं दार बंद केलं, तेव्हा व्यवस्थापकाचा चेहरा सैल पडला. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू करून दहाच्या आत आटपला.

स्टेजवरचा प्रश्न गाणं ताणण्याचा होता. मावशी रंगात आल्या की कडवं दोनदा, तीनदा म्हणतात, समोर कोण नाचतंय ते बघून. मशीन थांबत नाही. जोडीने गाण्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरत ठेवला. पुढच्या तुकड्यावर जायचं ते मामांनी मान हलवली की. त्या रात्री मामांनी एकदा मान हलवली ती डास बसला म्हणून. पूर्व भागातल्याने बटण दाबलं, बेस मावशींच्या ओळीच्या मध्येच कोसळला. मावशींनी ओळ तिथेच सोडली, सरळ 'उदे गं' उचललं, आणि सगळं सभागृह त्यांच्यामागे गेलं. विडी घरकुलातल्या पाची जणी विंगेत आपली वेळ यायची वाट बघत होत्या; त्याही स्टेजवर आल्या आणि त्यांनी फेर धरला. मशीनवर त्यासाठी काहीच तयार नव्हतं. मग बराच वेळ नुसता मागाचा ठोका आणि संबळ चालू राहिला.

अल्बम सात गाण्यांचा निघाला. अण्णांचं आठवं गाणं हार्डडिस्कवर आहे. गुरुजींनी ते ऐकलं, नाही म्हणाले नाहीत, पण सहीही केलेली नाही; बेस कमी करून पुन्हा ऐकवा असा निरोप आहे, आणि विजापूर रोडचा सध्या तेवढंच करतोय. मावशींच्या गाण्याचं रीमिक्स करायला एका पुणेकर पोराने परवानगी मागितली आहे. करारानुसार तिघांची लेखी संमती लागते. दोघांच्या सह्या झाल्यात. मावशींनी रीमिक्समध्ये मामांचा संबळ राहणार का, एवढं लिहून मागितलंय, आणि त्याचं उत्तर अजून पुण्याहून यायचं आहे.